तालुक्याच्या ठिकाणाहून एचआयव्हीची केस कशी लिहावी आणि कशी मांडावी

ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्ह्याच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरील औषधोपचार केंद्रात, काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशक जेव्हा एखाद्या रुग्णाची केस लिहून काढतात, तेव्हा ती पुष्कळदा अशी उतरते: “वय ३२, स्त्री, व्यवसाय ऊसतोड, पती चार वर्षांपूर्वी मयत, दोन मुली, राहणार अमुक तांडा. औषधे नियमित न घेतल्याने व्हायरल लोड वाढला. समुपदेशन केले. सध्या प्रकृती ठीक.” हा नमुना मी इथे समजावून सांगण्यासाठी रचला आहे, पण अशा शेकडो नोंदी मी वाचल्या आहेत आणि सुरुवातीच्या वर्षांत स्वतः लिहिल्याही आहेत. या चार ओळींत जे झाकायला हवे होते ते सगळे उघडे पडले आहे आणि जे सांगायला हवे होते ते एकही आलेले नाही. त्या तांड्यावरचा कोणीही माणूस ही बाई कोण ते सांगू शकेल; मात्र तिचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूचे प्रमाण, खरोखर कशामुळे वाढला, हे दुसऱ्या केंद्रातील डॉक्टरला यातून मुळीच कळणार नाही. केस लिहिण्याची सगळी शिस्त या दोन दोषांभोवती फिरते, म्हणून हाच नमुना शेवटपर्यंत हाताशी ठेवू.

आधी प्रश्न, मग रुग्ण

दुर्मीळ आजार सापडला तरच केस लिहावी असा एक समज आहे आणि साधने कमी असलेल्या ठिकाणी तो विशेष नुकसान करतो. आपल्याकडे दुर्मीळ आजाराचे निदान पक्के करायला लागणारी यंत्रसामग्री बहुधा नसतेच. जे आपल्याकडे रोज घडते ते म्हणजे अपुऱ्या माहितीवर घ्यावे लागणारे निर्णय. सीटी स्कॅन साठ किलोमीटरवर आहे, रुग्णाला दहा दिवसांपासून डोकेदुखी आहे, सीडी ४ या रोगप्रतिकारशक्तीच्या पेशी शंभराच्या खाली आहेत, अशा वेळी क्षयाचा मेंदूज्वर समजून उपचार सुरू करायचे की क्रिप्टोकॉकस या बुरशीची चाचणी होईपर्यंत थांबायचे, हा प्रश्न मोठ्या शहरातील रुग्णालयाला पडत नाही, पण तो पडणारी केंद्रे देशात आणि आफ्रिकेतही असंख्य आहेत. त्यांच्यासाठी तुमची केस मोलाची आहे.

म्हणून लिहायला बसण्यापूर्वी एका वाक्यात प्रश्न लिहून पाहावा: “औषधे नियमित घेत असल्याचे सांगणाऱ्या रुग्णाचा व्हायरल लोड वाढला आणि औषधरोधाची (विषाणू औषधांना दाद देईनासा झाला आहे का याची) चाचणी उपलब्ध नव्हती, तेव्हा कारण कसे शोधले?” असे वाक्य तयार होत नसेल, तर ती केस अजून लिहिण्याजोगी झालेली नाही असे समजावे. प्रश्न एकदा ठरला की कोणता तपशील ठेवायचा आणि कोणता गाळायचा हे आपोआप ठरत जाते.

आपल्या कमतरतेतून जगाला शिकता येते, याविषयी ज्यांना शंका वाटते त्यांनी मलावीकडे पाहावे. त्या देशात सीडी ४ मोजण्याची यंत्रे पुरेशी नव्हती, त्यामुळे कोणत्या गर्भवतीला आयुष्यभराचे उपचार द्यायचे हे चाचणीवरून ठरवणे शक्यच नव्हते. २०११ मध्ये मलावीने प्रत्येक एचआयव्हीबाधित गर्भवतीला सीडी ४ न पाहता आयुष्यभराचे उपचार सुरू करण्याचे धोरण स्वीकारले आणि २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो मार्ग आपल्या शिफारशींत घेतला. एक साधन नसल्यामुळे घेतलेला निर्णय पुढे अनेक देशांनी उचलला, कारण तो का घेतला हे कोणीतरी नीट लिहून ठेवले होते.

संमती: सही घेण्याच्या अगोदरचे काम

भारतात एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. रुग्णाच्या लेखी, माहितीपूर्ण संमतीशिवाय त्याची एचआयव्ही स्थिती उघड करू नये, हे या कायद्याचे स्पष्ट सांगणे आहे. त्यामुळे उपचारासाठी दिलेली संमती केस लिहिण्यासाठी चालत नाही. ती वेगळी घ्यावी लागते.

ती कधी आणि कोणी घ्यावी याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. खाटेवर पडलेल्या, सलाइन चालू असलेल्या माणसासमोर त्याच्याच डॉक्टरने कागद धरला तर तो नाही म्हणूच शकत नाही, कारण नाही म्हटले तर गोळ्या मिळणार नाहीत अशी भीती त्याच्या मनात असते. प्रकृती स्थिर झाल्यावर, नेहमीच्या भेटीच्या दिवशी, शक्यतो समुपदेशकाने आणि रुग्णाच्या बोलीत विषय काढावा. “तुमच्या आजाराबद्दल जे आम्हाला शिकायला मिळाले ते दुसऱ्या डॉक्टरांना लिहून सांगायचे आहे, तुमचे नाव-गाव त्यात नसेल, तुम्ही नको म्हणालात तरी तुमच्या गोळ्यांत आणि तपासणीत काहीही फरक पडणार नाही,” एवढे सांगून त्याला एक भेट मध्ये जाऊ द्यावी. पुढच्या भेटीला मिळालेला होकार पहिल्या भेटीतल्या होकारापेक्षा अधिक खरा असतो, असा माझा अनुभव आहे.

लिखाण कुठे जाणार हे टप्प्याटप्प्याने विचारावे: फक्त आपल्या रुग्णालयात, जिल्ह्याच्या बैठकीत, छापील नियतकालिकात, की कोणालाही वाचता येईल अशा इंटरनेटवर. पहिल्या दोहोंना हो आणि शेवटच्याला नाही म्हणणारे रुग्ण असतात. एकदा छापून गेले की परत घेता येत नाही, पण तोपर्यंत केव्हाही संमती मागे घेता येते, हेही त्यांना सांगणे आपले कर्तव्य आहे.

रुग्णाला लिहिता येत नसेल तर अंगठ्याच्या ठशासोबत साक्षीदार लागतो, आणि इथे मोठी चूक होते. बाहेर बसलेल्या दिराला किंवा शेजाऱ्याला साक्षीदार म्हणून आत बोलावले, तर गुप्तता राखण्याच्या कागदावरच गुप्तता मोडते. साक्षीदार असा निवडावा ज्याला रुग्णाची स्थिती आधीच माहीत आहे आणि जो तुमच्या उपचार करणाऱ्या चमूबाहेरचा आहे. रुग्णाने स्वतः सोबत आणलेली, सगळे जाणणारी बहीण किंवा आई असेल तर उत्तम. संमतीपत्राची प्रत घरी न्यायची की केंद्रातच रुग्णाच्या नावाने ठेवायची, हेही रुग्णालाच ठरवू द्यावे. घरातल्या पेटीत सापडलेला असा एक कागद संसार मोडायला पुरतो.

मुलांच्या बाबतीत पालकांची संमती आणि समजत्या वयाच्या मुलाचा होकार, दोन्ही हवे; पण मुलाला स्वतःची स्थिती अजून सांगितलेली नसेल तर केसच्या निमित्ताने ती त्याला कळता कामा नये. मृत रुग्णाबद्दल नातेवाइकांना विचारताना, त्यांना निदान माहीत होते की नाही याची नोंद आधी तपासावी. माहीत नव्हते असे दिसले, तर ती केस सोडून द्यावी.

ओळख लपवणे म्हणजे फक्त नाव खोडणे नव्हे

एका प्रशिक्षणात मी एका रुग्णाच्या त्वचेवरील पुरळाचे छायाचित्र दाखवले होते. नाव नव्हते, चेहरा नव्हता, हाताचा कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग तेवढा होता. त्या हातावर गोंदण होते. मधल्या सुट्टीत मागच्या रांगेतील एक जण माझ्याकडे आला आणि हळू आवाजात त्याने रुग्णाच्या गावाचे नाव घेतले. त्या माणसाने ते पुढे कोणालाही सांगितले नाही, पण त्या दिवसापासून मी कोणतेही छायाचित्र दाखवण्यापूर्वी ते एखाद्या अनोळखी माणसाच्या नव्हे, तर रुग्णाच्या शेजाऱ्याच्या नजरेने पाहतो.

छोट्या गावात माणूस नावाने कमी आणि खुणांनी जास्त ओळखला जातो. व्यवसाय, जात, मुलांची संख्या, जोडीदाराच्या मृत्यूचे वर्ष, एखाद्या अपघाताची आठवण, यांतील कोणतीही एक खूण निरुपद्रवी असते, पण तीन एकत्र आल्या की माणूस उभा राहतो. म्हणून वय “तिशीतील” किंवा “चाळिशीच्या सुरुवातीची” असे द्यावे. तारखा पूर्णपणे काढून “उपचार सुरू केल्यानंतरच्या १२व्या आठवड्यात” अशी सापेक्ष मोजणी करावी. गाव आणि तालुका यांऐवजी “जिल्हा रुग्णालयापासून सुमारे दोन तासांच्या अंतरावरील ग्रामीण भाग” एवढे पुरते, आणि अंतराची माहिती वैद्यकीयदृष्ट्या उपयोगीही असते. छायाचित्रात डोळ्यांवर काळी पट्टी ओढल्याने ओळख लपत नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समितीही ती पुरेशी मानत नाही. एक्स-रेच्या कोपऱ्यात छापलेले नाव आणि क्रमांक, प्रयोगशाळेच्या अहवालाच्या छायाचित्रात दिसणारा एआरटी क्रमांक, संगणकातील फाइलला दिलेले रुग्णाचे आडनाव, मोबाइलच्या छायाचित्रात आपोआप साठणारे ठिकाण, या गोष्टी पाठवण्याच्या घाईत हमखास राहून जातात.

यात एक मर्यादा मात्र पाळावी. ओळख लपवण्यासाठी तपशील गाळावा किंवा ढोबळ करावा; खोटा तपशील घालू नये. स्त्रीचा पुरुष केला किंवा ऊसतोडीऐवजी “शिलाईकाम” लिहिले, तर वाचणारा डॉक्टर चुकीच्या दिशेने विचार करतो. आपल्या नमुन्यात स्थलांतर हा केसचा गाभा आहे, म्हणून “दरवर्षी सुमारे सहा महिने कामासाठी बाहेरगावी जाणारी मजूर” एवढे ठेवायलाच हवे. तांडा, वैधव्य आणि मुलींची संख्या यांची मात्र तिथे काहीच गरज नाही.

नोंदी गोळा करणे आणि प्रसंग रचणे

आठवणीवरून लिहू नये. केंद्रातील व्हाइट कार्ड, रुग्णाजवळची ग्रीन बुक, प्रयोगशाळेची नोंदवही आणि गोळ्या दिल्याची नोंद, ही चारही समोर घेऊन एका कागदावर उभी कालरेषा आखावी. नमुना घेतल्याचा दिवस आणि अहवाल हातात पडल्याचा दिवस वेगवेगळे लिहावेत. मधले आठवडे हा निर्णयाचा भाग असतो आणि मोठ्या केंद्रातील वाचकाला त्याची कल्पना नसते. औषधांची नावे संक्षेपात न देता पूर्ण आणि मात्रेसह द्यावीत, आधी घेतलेली औषधेही द्यावीत. मोफत एआरटी आपल्याकडे १ एप्रिल २००४ पासून सुरू झाली. त्या सुरुवातीच्या वर्षांतील रुग्णाने स्टॅव्ह्युडिन, नेव्हिरापिन, एफाव्हिरेन्झ असा प्रवास केलेला असू शकतो आणि आजचा औषधरोध समजून घ्यायला तो इतिहास लागतो. वजन प्रत्येक भेटीचे द्यावे. वजनकाटा सगळीकडे असतो, आणि साधने नसलेल्या ठिकाणी वजनाचा आलेख पुष्कळ काही सांगून जातो.

आता नमुना पुन्हा लिहून पाहू. हाही रचलेलाच आहे.

“तिशीतील एक स्त्री गेली चार वर्षे टेनोफोव्हिर ३०० मिग्रॅ, लॅमिव्ह्युडिन ३०० मिग्रॅ आणि डॉल्युटेग्रॅव्हिर ५० मिग्रॅ यांची एकत्रित गोळी रोज एकदा घेत होती आणि मागील दोन्ही चाचण्यांत तिच्या रक्तात विषाणू आढळला नव्हता. दरवर्षीप्रमाणे ती कामासाठी बाहेरगावी गेली. तीन महिन्यांच्या गोळ्या तिने सोबत नेल्या होत्या आणि उरलेल्या तीन महिन्यांच्या नातेवाइकाने केंद्रातून नेऊन दिल्या. नवव्या आठवड्यात तेथील खासगी डॉक्टरांनी फुप्फुसाच्या क्षयरोगाचे निदान करून रिफाम्पिसिनसह उपचार सुरू केले. आपण एआरटी घेत असल्याचे तिने त्यांना सांगितले नव्हते. २६व्या आठवड्यात ती परतली तेव्हा वजन ४१ किलोवरून ३८ किलोवर आले होते आणि व्हायरल लोड मिलिलिटरमागे ४८०० प्रती होता. तिच्याजवळ उरलेल्या गोळ्या मोजल्या असता दोनच जास्त निघाल्या. औषधरोधाची चाचणी आमच्या केंद्रात उपलब्ध नव्हती.”

इथे वाचकाला कारणाचा धागा सापडतो. रिफाम्पिसिनमुळे शरीरातील डॉल्युटेग्रॅव्हिरची पातळी घटते, म्हणून क्षयाचे उपचार चालू असेपर्यंत आणि ते संपल्यावर आणखी दोन आठवडे डॉल्युटेग्रॅव्हिर ५० मिग्रॅ दिवसातून दोनदा द्यावे लागते. बारा तासांनंतरची ती दुसरी गोळी तिला मिळालीच नव्हती. “औषधे नियमित न घेतल्याने” या पहिल्या नमुन्यातील चार शब्दांनी दोष तिच्या माथी मारला होता. मोजलेल्या गोळ्यांनी तो तिथून काढला.

“नाही” चार प्रकारचे असते

संसाधने तुटपुंजी असलेल्या ठिकाणच्या केसमध्ये सर्वांत काळजीने लिहावी अशी गोष्ट म्हणजे न झालेली तपासणी. बहुतेक जण ती लाजेखातर गाळतात. ती गाळली की वाचकाला वाटते, डॉक्टरला सुचलेच नाही. तपासणी न होण्याची कारणे चार असतात. तपासणी केंद्रात उपलब्धच नव्हती. उपलब्ध होती पण त्या आठवड्यात किट संपले होते किंवा यंत्र बंद होते. सांगितली होती पण प्रवासाचा खर्च आणि बुडणारी मजुरी परवडली नाही म्हणून रुग्ण गेला नाही. आणि चौथे, आमच्या लक्षात आले नाही. ही चारही वाक्ये वेगळी आहेत, चौघांवरचे उपाय वेगळे आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी नेमके जे घडले तेच लिहावे. चौथे लिहायला धीर लागतो, पण सर्वाधिक उपयोग त्याचाच होतो. आपल्या नमुन्यात परतल्यावरच्या पहिल्या भेटीत “दुसरीकडून कोणती औषधे चालू आहेत का?” हे विचारायचे राहिले असेल, तर तसे लिहावे, पुढच्या हंगामात दहा केंद्रांत तो प्रश्न विचारला जाईल.

तपासणीअभावी काय केले, हेही तर्कासह सांगावे: कोणत्या शक्यता मनात होत्या, कोणती सर्वांत धोकादायक होती, उपचाराने नुकसान होण्याची भीती किती होती, आणि किती दिवसांनी निर्णय पुन्हा तपासायचे ठरवले होते. आपल्या रुग्णेला डॉल्युटेग्रॅव्हिरची दुसरी गोळी जोडली, सखोल समुपदेशन केले आणि तीन महिन्यांनी व्हायरल लोड पुन्हा पाहायचे ठरवले, असे लिहिले की वाचकाला आपली विचारपद्धती तपासता येते. दुसऱ्या चाचणीत विषाणू दबलेला आढळला तरी “यावरून सिद्ध होते” असे म्हणू नये. समुपदेशनानेही फरक पडलेला असू शकतो. एका रुग्णावरून कारण सुचवता येते, ठरवता येत नाही.

शब्द

“एड्सग्रस्त”, “एड्सचा बळी”, “डिफॉल्टर”, “ऐकत नाही असा रुग्ण” हे शब्द आपल्या तोंडात इतके बसले आहेत की लिहिताना ते हातातून सुटत नाहीत. एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती, उपचार खंडित झालेला रुग्ण, असे लिहावे. एचआयव्ही म्हणजे एड्स नव्हे, हा भेद आपणच पाळला नाही तर इतरांनी का पाळावा? संसर्ग कसा झाला असावा हे प्रश्नाच्या उत्तरासाठी लागत नसेल तर लिहूच नये. सवयीने लिहिलेली ती एक ओळ वाचणाऱ्याच्या मनात आधीच निकाल लावून जाते.

मांडणे आणि पोहोचवणे

व्हॉट्सॲपच्या गटावर तातडीचा सल्ला विचारावा लागतो आणि त्याने जीव वाचतात, हे मी नाकारत नाही. पण तिथे टाकलेले छायाचित्र तुमच्या ताब्यात राहत नाही. म्हणून अहवालाचे छायाचित्र पाठवण्याऐवजी त्यातील आकडे टंकून पाठवावेत. उपचार अपयशी ठरत असल्याचा संशय असलेल्या रुग्णांची माहिती राज्य पातळीवरील तज्ज्ञ मंडळाकडे, म्हणजे सॅसेपकडे, पाठवताना जो सारांश तयार होतो, तो केस लिहिण्याचा उत्तम पाया आहे. बरीचशी मेहनत तिथे आधीच झालेली असते.

बाहेर प्रसिद्ध करायचे असेल तर रुग्णालय प्रमुखांची लेखी परवानगी घ्यावी, नैतिक समितीकडे विचारणा करावी, आणि माहिती राष्ट्रीय कार्यक्रमातील असल्याने राज्य एड्स नियंत्रण संस्थेलाही कळवावे. याला वेळ लागतो. तो धरूनच चालावे. रचनेसाठी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली केअर ही मार्गदर्शक तत्त्वे पाहावीत. केसच्या अहवालात काय काय असावे याची तेरा मुद्द्यांची यादी त्यात आहे आणि रुग्णाचे स्वतःचे म्हणणे हा त्यातील एक मुद्दा आहे. आठवड्याभरात छापून देतो, एवढे पैसे भरा, असे ईमेल पाठवणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहावे.

लेखकांच्या नावांचा विचार लिहून झाल्यावर नव्हे, आधी करावा. गोळ्या मोजणारी परिचारिका आणि क्षयाच्या औषधांची पट्टी पिशवीतून काढून दाखवायला सांगणारी समुपदेशक, यांनी केसचे उत्तर शोधले असेल आणि मजकुरावरही काम केले असेल, तर शेवटी आभाराच्या ओळीत त्यांना बसवणे अन्याय आहे. त्यांची नावे लेखकांत यावीत.

पाठवण्यापूर्वी मजकूर रुग्णाला, तिच्या बोलीत, दार लावून वाचून दाखवावा. मी हे करू लागल्यापासून जवळजवळ प्रत्येक वेळी काहीतरी बदलले आहे. एका बाईने ऐकता ऐकता सांगितले की गोळ्यांची बाटली खुळखुळते म्हणून ती गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून तांदळाच्या डब्यात ठेवते आणि घरचे सगळे झोपल्यावर घेते. जागरण असले की गोळी सकाळवर जाते. तीन वर्षांच्या कार्डावर हे कुठेच नव्हते, कारण आम्ही “गोळ्या घेता का?” एवढेच विचारत आलो होतो. ते वाक्य तिच्याच शब्दांत, तिला विचारून, आम्ही मजकुरात घेतले. खोकल्याचे वर्णन करताना तिच्या घराची जी एक ओळ आली होती, ती मात्र तिने काढायला सांगितली आणि आम्ही ती काढली.